नसलेल्या हाताची मूठ

सन २०१८ ची दिवाळी होऊन गेल्यावर मी आमच्या शेताच्या बांधावर पुरलेला माझा स्वतःचा उजवा हात उकरून काढायला लावला. तेव्हा मी चौसष्ट वर्षांचा होतो. कागदावर चौसष्ट. मास्तरानं शाळेत नाव घालताना अंदाजानं लिहिलं असं बाप म्हणायचा, म्हणून खरं एखादं वर्ष इकडंतिकडं असंल. शाळा माझी चौथीपर्यंत. पुढं गेलो नाही आणि त्याचं मला काही वाटतही नाही. आता डाव्या हातानं लिहून राह्यलो, अक्षर वाकडं येतं. ज्याला वाचायचं त्यानं वाचावं.

लिहायचं कारण असं. आमच्या वस्तीत, आणि वरच्या गावातसुद्धा, लोक म्हणतात की मिस्त्री शेवटी वाकला. उभा जन्म आत्मा नाही, आत्मा नाही म्हणून भांडला आणि हात गेल्यावर सरळ झाला. पूर्वी वस्तीत मयत झाली की चार शब्द बोलायला मलाच उभं करायचे. त्या दिवाळीपासून कुणी करत नाही. मी इतकी वर्षं गप्प बसलो, कारण दोन माणसं जिवंत होती. एक माझी बायको आणि दुसरा माझा दोस्त पाटील. पाटील कोरोनाच्या सालात गेला. बायको परवाच्या उन्हाळ्यात. आता गप्प बसायचं काही कारण राहिलं नाही.

आमच्या घरानं छप्पन सालानंतर लगेच धम्म घेतला. देव्हाऱ्यातले टाक बापानं नदीत सोडले. मी तेव्हा नुकता चालायला लागलो असंल, पण ते एवढ्या वेळा ऐकलं की बघितल्यासारखं वाटतं. बाप म्हणायचा, देव घालवला तर त्याच्या मागं आत्माही घालवला पाहिजे, नाहीतर तो देवाला पुन्हा बोलावून आणतो. हे मी धरून ठेवलं. वस्तीत बाकीच्यांनी देव सोडले पण आत्मा कुठं ना कुठं ठेवला, ट्रंकेत जुनं लुगडं ठेवावं तसा.

जालन्याच्या एमआयडीसीत सळईच्या कारखान्यात माझी उमर गेली. भट्टीतून लालभडक लोखंड निघायचं, रुळातून पुढं यायचं, आणि त्याचं तोंड चिमट्यानं धरून दुसऱ्या रुळात घालायचं. आधी चिमट्यावर होतो, मग मिस्त्री झालो. तिथं मला माझं उत्तर सापडलं. लोखंड तापलं की लाल, थंड झालं की काळं. मग लाल कुठं गेलं? वर गेलं का? दुसऱ्या लोखंडात शिरलं का? कुठंच गेलं नाही. लाल अशी काही येगळी वस्तू नव्हतीच. तापलेलं लोखंड जसं असतं त्याला आपण लाल म्हणतो. तसाच जीव. माती, पाणी, उष्णता, वारा एका ठिकाणी येऊन चालू राहतात तोवर त्या चालण्याला आपण जीव म्हणतो. चालणं थांबलं, जीव नाही.

हेच मी प्रत्येक मयतीला सांगायचो. एकदा एका पोरीनं मला तिथंच विचारलं, "काका, मंग माझी माय आता कुठं हाय?" मी म्हणलो, "कुठंच न्हाई." बायकांनी मला नंतर शिव्या दिल्या. मी म्हणलो, शिव्या द्या, पण मी खोटं सांगणार नाही. दुःखात माणसाला खोटं पाजायचं आणि शुद्धीवर आल्यावर पुन्हा तेच मागायला लावायचं, हा धंदा दुसऱ्यांचा.

कारखाना सुटल्यावर मी आणि बायको गावाकडं आलो. भोकरदन तालुक्यात आमचं गाव, पिंपळगाव रेणुकाईच्या अल्याड. फाट्यावर रसवंती टाकली. भट्टीपुढं एवढी वर्षं उभा राहिलो, अंगावर एक मोठा फोड आला नाही, आणि हात गेला तो सतरा सालच्या उन्हाळ्यात, उसाच्या चरकात. दुमडलेला ऊस अडकला होता, मी तो रेटत होतो. माझी चूक नव्हती आणि चरकाचीही नव्हती. रूळ माल ओढतो, हात ओढतो, त्याला फरक माहीत नाही. बायकोनं ग्लास टाकून धावत जाऊन बटन बंद केलं. तोवर मनगटाच्या वर गेलं होतं. माझा चुलतभाऊ तिथंच होता, त्यानं टेम्पोत घालून जालन्याला नेलं. डॉक्टरांनी कोपराच्या खाली हात काढला.

शुद्धीवर आलो तेव्हा मला वाटलं, वाचला. कारण हात होता. मी ऊस धरून होतो. बोटं आवळलेली, अंगठा आत, नखं तळहातात रुतलेली. मी म्हणलो आता सोडावा ऊस. सुटंना. मान वळवून बघितलं तर पट्टीच्या पुढं चादर सपाट होती.

ती मूठ तेव्हापासून तशीच आहे. आत्ता हे लिहितानासुद्धा आहे. कधी नुसती आवळलेली, कधी तापल्या चिमट्यासारखी. दुखतं म्हणजे कसं, तर तुम्ही मूठ वळा, जोरानं वळा, आणि मग ती उघडायची परवानगी तुम्हाला नाही असं समजा. मी पुष्कळ वेळा उघड म्हणून पाहिलं. कुणाला सांगून राह्यलो हेच कळत नव्हतं.

फाट्यावर चहाच्या टपरीमागं लिंबाखाली पाटलाची आणि माझी बैठक. पाटील म्हणजे गावातला जुना घरंदाज शेतकरी, वय माझ्याएवढंच. दर मंगळवारी रेणुकाईला जाणार, नवरात्रात अनवाणी राहणार. आमची दोस्ती भांडणातच झाली होती, मी कारखान्यातून सुट्टीला यायचो तेव्हापासून. तो आत्म्याच्या बाजूनं, मी विरोधात. टपरीवर येणारांना ती फुकटची करमणूक होती.

दवाखान्यातून आलो तेव्हा पहिल्यांदा त्यानं डोळे पुसले, खोटं कशाला बोलू. पण पुढच्या बैठकीला तो मूळ पदावर आला.

"काय मिस्त्री, चेहरा उतरला. दुखतं का?"

"दुखतं."

"कुठं?"

"हात."

"डावा?"

"उजवा."

पाटलानं माझ्या लोंबत्या बाहीकडं पाहिलं. मग टपरीवाल्याकडं. मग टोपी काढून मांडीवर ठेवली. तो मोठा डाव टाकायच्या आधी टोपी काढायचा.

"दाखव बरं, कुठला उजवा?"

"पाटील, चेष्टा नको."

"चेष्टा न्हाई गड्या. चाळीस वर्षं तू मला भट्टी सांगितली. लोखंडाबरोबर लाल जातं म्हणला. आता लोखंड गेलं बांधाखाली आन लाल तर हितं बसून चहा पिऊन राह्यलं."

सगळी टपरी हसली. मीपण हसलो. पण बशीतला चहा तसाच राहिला. त्यानं माझ्याच भट्टीतलं लोखंड काढून माझ्या अंगावर टाकलं होतं, आणि मला ते धरायला चिमटा नव्हता. हात जर मातीत आहे, तर दुखतो तो कोण? दुखणं जर हाताशिवाय राहू शकतं, तर मी माझ्या सगळ्या अंगाशिवाय का राहू शकत नाही? पाटलानं एवढं विचारलंही नाही. ते मीच मला विचारत घरी गेलो.

पट्टी बदलायला जालन्याला गेलो तेव्हा मी डॉक्टरीणबाईला थेट विचारलं. वयानं माझ्या नातीएवढी, पण समजावून सांगायची पद्धत चांगली. तिनं माझ्या कानाच्या वर बोट ठेवलं.

"बाबा, दुखणं हातात नव्हतंच कधी. इथं आत मेंदूत हाताची एक जागा असते. हात गेला, जागा आहे. तिला आता हाताची खबर येत नाही, म्हणून ती शेवटची खबर धरून बसते."

"म्हणजे मांसातच हाय ना ते? बिलकुल मांसात?"

"मांसात म्हणा हवं तर."

"मंग आत्मा न्हाई."

ती हसली. "ते माझ्या विषयात नाही, बाबा. गोळ्या लिहून देते. थोडा फरक पडेल."

थोडा पडला. झोप जास्त यायची, मूठ झोपायची नाही.

येताना एस्टीत मी खुशीत असायला पाहिजे होतो. पाटलाला द्यायला उत्तर मिळालं होतं. पण बदनापूरची एस्टी निघाली, मग आमची निघाली, आणि खिडकीतून कापसाची शेतं मागं जायला लागली तसं माझं मन खाली बसत गेलं. दुखणं हातात कधीच नव्हतं, तर मग हातातलं बाकीचंही हातात नव्हतं. चिमट्याची धग, तापात कपाळावर ठेवलेला मायचा खरबरीत तळवा, लग्नात बायकोचा घामेजलेला हात, हे सगळं कवटीच्या आत होतं. आणि कवटीच्या आत अंधार असतो. तिथं ऊन पोचत नाही. मी भट्टीचं लाल उमरभर बघितलं म्हणतो, तर ते त्या अंधारात बघितलं. तिथं लाल कसं झालं? लोखंड लाल होतं पण आपण लाल झालो हे त्याला कळत नाही. त्याला रुळात दाबलं तर ते ओरडत नाही. मीही त्याच मातीचा, त्याच पाण्याचा. मग माझ्यातली माती ओरडते ती का?

शेजारी बायको खिडकीला डोकं टेकून झोपली होती. तिच्याही आत असाच अंधार, आणि त्यात कुठंतरी मी. ती गेली की तिच्यातला मी गेलो. मी गेलो की माझ्यातली माय दुसऱ्यांदा गेली. मी मयतीला सांगत आलो ते सगळं बराबर होतं. फक्त सांगताना ते एवढं जड आहे हे मला माहीत नव्हतं.

पाटलाला मी उत्तर दिलं. त्यानं टोपी काढून मांडीवर ठेवली.

"म्हणजे हात डोक्यात हाय."

"हाताची जागा."

"मंग थंडीत हातमोजा डोक्यावर घालत जा."

लोक हसून झाल्यावर तो हळू बोलला, फक्त मला ऐकू जाईल असं. "पण त्या जागेला दुखतंय हे कळतं कुणाला?"

"त्या जागेलाच."

"मांसाला?"

"मांसाला."

"माझ्या घरी नवसाचं बोकड शिजतं, त्याचं मांस काही बोलत न्हाई रं."

"ते मेलेलं हाय."

"मंग जित्या मांसात जास्तीचं काय हाय, तेवढं सांग."

"ते चालू हाय. एवढंच."

"एवढंच?"

"एवढंच."

त्यानं टोपी परत घातली नाही आणि मी जिंकलोही नाही. मला आजही याच्यापुढं सांगता येत नाही. चालणाऱ्या मांसाला कळायला कसं लागतं हे मला कळत नाही. पण कळत नाही त्या भोकात आत्मा कोंबायचा, हे मी करणार नाही. भोक आहे तर भोक म्हणावं.

इथपर्यंत भांडण माझं आणि पाटलाचं होतं. तेवढंच असतं तर मी मरेपर्यंत रेटलं असतं.

बायको वाळत चालली होती. आधी मला वाटलं माझ्या दुखण्यानं. ती भाकरी अर्धी मोडायची आणि अर्धी टोपलीत ठेवायची, मग ती अर्धीचीपण अर्धी व्हायला लागली. कानशिलं आत गेली. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. विचारलं की म्हणायची, "भूकच न्हाई." एका दुपारी ती सुपात तूर निवडत होती आणि मी पुढं बसलो होतो. माझा चेहरा आखडला असंल. तिनं सूप खाली ठेवलं.

"आवळल्यावानी दुखतं ना? मूठ वळल्यावानी?"

"हो."

"माझ्यामुळं."

"काय तुझ्यामुळं?"

"मी तोंड फिरवलं व्हतं."

मग तिनं सांगितलं. दवाखान्यात मला आत घेतलं होतं, मी शुद्धीवर नव्हतो. काढलेला हात न्यायचा का इथंच ठेवायचा असं विचारलं, तेव्हा माझ्या चुलतभावानं न्यायचा म्हणून सांगितलं. कपड्यात गुंडाळून त्यानं तो बाहेर आणला आणि तिच्यापुढं धरला. "वहिनी, बघता का?" तिनं तोंड भिंतीकडं फिरवलं. भाऊ गावी आला आणि बांधावर खड्डा करून तसाच पुरला. पुढं कधीतरी बोलता बोलता त्यानं तिला सांगितलं, की बोटं आत वळलेली होती, घट्ट.

आमच्याकडं रीत आहे. माणूस गेलं की अंग आखडायच्या आत घरच्या बाईनं कोमट तेल लावून त्याची बोटं सरळ करायची. मूठ वळलेली मातीत द्यायची नाही, धरलेलं सुटत नाही म्हणतात. माझ्या मायनं ती रीत हिला शिकवली आणि हिनं माझ्या मायचीच बोटं सरळ केली. मी सगळ्या रीती मोडल्या पण या रीतीला हात लावला नव्हता. माणूस नीट दिसतं, एवढ्यासाठी चालू दिली.

"भाऊजी गडी माणूस," ती म्हणाली, "त्यांना काय ठावं. ते माझं काम व्हतं. माझ्या हातून राह्यलं."

सांगायला हरकत नाही, मी हादरलो. कारण मूठ वळलेली होती हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मला ते आतून ठाऊक होतं. मग मी मनाला समजावलं, ऊस धरूनच तर हात गेला, शेवटची खबर तीच. बराबर बसतं. तिला म्हणलो, "मातीतल्या हाताला मूठ काय आन पंजा काय. त्याचा आन माझा काही संबंध न्हाई राह्यला."

"तुमचं तुमच्यापाशी खरं असंल. मला उघडू द्या."

"उकरायचं? लोक काय म्हणतील? मिस्त्री हाताच्या भुताला तेल लावून राह्यला?"

"लोकांना कळू न देता करू."

"चोरून तर बिलकुल न्हाई."

यावर महिने गेले. ती पुन्हा बोलली नाही, नुसती वाळत गेली. मला तिचा रागही आला. माझं दुखणं मी सोसत होतो, तर हिनं त्याच्यावर आपलं एक दुखणं उभारलं होतं. आणि डॉक्टरीणबाई म्हणाली तसं तेही नसलेल्या हाताचंच. दोन्हीला गोळी नाही.

दिवाळी झाली. एका सकाळी तिला उठताना भिंत धरावी लागली. मी म्हणलो, "उकरू. पण माझ्या अटीवर."

"कोणती?"

"सगळ्यांसमोर. तू मूठ उघड. माझं दुखणं थांबलं तर मी विहारात उभा राहून सांगीन, मी चुकलो म्हणून. न्हाई थांबलं तर तू पोटभर भाकरी खायची आन हा विषय संपला. कबूल?"

"कबूल," ती म्हणाली. एवढ्या जल्दी म्हणाली की मी घाबरलो.

बातमी फाट्यापर्यंत गेली. त्या दिवशी बांधावर वस्तीतल्या बाया आल्या, दोघं-तिघं म्हातारे आले, आणि पलीकडच्या आपल्या शेतातून पाटील आला. "कोर्टाचा निकाल हाय," म्हणाला, "ऐकायला यावं लागतं." भाऊ टिकाव घेऊन होता. बायकोनं पितळेची वाटी आणली होती, तीत कोमट केलेलं तेल. पदरानं झाकून आणलं होतं, थंड होऊ नये म्हणून.

काळी माती, वरून वाळलेली, आत ओल. भाऊ टिकाव हळू मारत होता, कुणी झोपलं असावं तसा. मी उभा होतो. एक गोष्ट मी तेव्हा कुणाला सांगितली नाही. जसजशी माती निघत होती तसतशी माझी मूठ तयार होऊन राह्यली असं मला वाटलं. बोटांच्या सांध्यांत काहीतरी सैल झाल्यासारखं. माझ्या मनात आलं, आता ही उघडली तर? उघडली तर मी खोटा ठरतो, बापाचं म्हणणं खोटं ठरतं, आणि माय कुठंतरी आहे. भट्टीपुढं उभा राहिलेला माणूस मी, त्या खड्ड्याच्या काठावर उभा राहून मी हरायची वाट बघत होतो.

भावानं टिकाव ठेवला आणि हातानं माती सारली. हिरव्या कपड्याच्या चिंध्या निघाल्या. त्यात गवताची मुळं शिरलेली. मग हाडं. चिंचोक्याएवढी, बोराच्या बीएवढी, काही काडीसारखी, सगळी सुटी.

बायको खाली बसली, वाटी शेजारी ठेवली. बोट तेलात बुडवलं.

"बोटं कुठंयत, भाऊजी?"

"हीच, वहिनी."

"ही न्हाई. मूठ कुठंय?"

"मूठ न्हाई राह्यली आता."

मी माझ्या बाहीकडं बघितलं. आत मूठ होती. जशीच्या तशी, नखं रुतलेली, अंगठा आत. क्षणभर सैल वाटलं होतं ते माझंच काहीतरी होतं.

मी मोठ्यानं बोललो, कारण बोलायचं ठरलं होतं. "बघितलं सगळ्यांनी? मातीतली मूठ कवाच सुटली. बोटं सुटी होऊन पडली. माझी सुटली न्हाई. या मुठीचा आन त्या मुठीचा काही संबंध न्हाई. झाला निकाल."

मी पाटलाकडं पाहिलं. वाटलं टोपी काढंल, काहीतरी टाकंल. तो माझ्याकडं बघत नव्हता. माझ्या बायकोकडं बघत होता. मग भावाला म्हणाला, "झाक रं ते," आणि बांध उतरून निघून गेला.

बायको उठत नव्हती. तिनं वाटीतलं तेल त्या हाडांवर ओतलं, सगळं. मग मला म्हणाली, हळू, भांडण नसल्यासारखं, "मंग आता कोण उघडणार? उघडायला काहीच राह्यलं न्हाई."

तिथं मला कळलं की मी काय जिंकलो. मी तिला पटवलं होतं की मूठ गेली. तिनं त्यातून असं घेतलं की वेळ गेली. जे तिच्या हातून राहिलं होतं ते आता कुणाच्याच हातून होणार नव्हतं, आणि मी तिच्यापुढं आखडून बसणार होतो, ती मरेपर्यंत, रोज. माझ्या खरेपणानं तेवढं पक्कं करून टाकलं.

शब्दाला ती पक्की होती. दिवस मावळताना तिनं स्वतःच्या ताटात आख्खी भाकरी घेतली, ठरलं होतं म्हणून. एक घास मोडला, वरणात बुडवला, तोंडात घातला. मी तिचा गळा बघत होतो. घास खाली जाईना. तिनं पाण्यानं ढकलला आणि दुसरा मोडला. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ती खात होती. मी म्हणलो, राहू दे. ती म्हणाली, "कबूल केलं व्हतं."

मी अंगणात येऊन बसलो. तिच्या आतल्या त्या अंधारात एक मूठ वळलेली होती आणि ती मीच वळायला लावली होती. टिकावानं तिथं पोचता येत नव्हतं, गोळीनं येत नव्हतं. आत जायला कानाची वाट तेवढी होती. शब्द म्हणजे काय, तोंडातून निघालेला वारा. पण वाराही वस्तूच आहे. तो कानावर आदळतो आणि आतलं काहीतरी हलतं. याच्यात माझ्या मताविरुद्ध काही नव्हतं. विरुद्ध होतं ते दुसरंच, मी उमरभर मयतीला कुणाला जे पाजलं नाही ते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती अंगण झाडत होती. मी तिच्यापुढं जाऊन उभा राहिलो आणि तुटका हात पुढं केला.

"ऐकलं का. उघडली."

तिनं झाडू थांबवला. "काय?"

"मूठ. पहाटं जाग आली तर उघडलेली."

ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली. मी डोळे हलू दिले नाहीत.

"सगळी बोटं?"

"सगळी. एक एक करून."

"अंगठा पण?"

"अंगठा पण."

तिनं झाडू टाकला. माझ्या तुटक्या हाताच्या पुढं, जिथं काही नव्हतं तिथं, आपला तळवा उताणा धरला, आणि तसाच धरून ठेवला. "तेल लागलं म्हणायचं," ती म्हणाली. मग खाली बसली आणि मोकळ्या आवाजात रडली. मी ते ऐकून घेतलं. रडून झाल्यावर तिनं डोळे पुसले, घरात गेली, आणि टोपलीतली शिळी भाकरी मीठ-मिरचीबरोबर उभ्यानंच खायला लागली.

मी पांढरा सदरा घातला. गुंडी एका हातानं लागत नाही, ती तिनं घास चावत चावत लावून दिली. मग मी विहाराकडं गेलो. पायरीवर म्हातारे बसले होते, पोरं होती, दळणाला निघालेल्या बाया होत्या. पाटीलसुद्धा रस्त्यानं फाट्याकडं चालला होता, तो थांबला. मी त्याला हाक मारली, "ये, तुला पण ऐकायचं हाय." तो आला. मग मी वरच्या पायरीवर चढलो आणि मयतीला बोलायचो त्याच आवाजात सांगितलं, की मूठ उघडली, दुखणं गेलं, आणि इतकी वर्षं मी तुम्हाला जे सांगितलं त्यात मी चुकलो.

पाटील टोपीशी हात नेऊन तसाच उभा राहिला. मागं बायको येऊन उभी होती, ती लोकांकडं बघत होती, ऐकलं का, ऐकलं का, अशी. बाहीच्या आत मूठ त्या सकाळी जितकी आवळली तितकी आधी कधी आवळली नव्हती. मी डावा हात वर करून सगळ्यांना जयभीम केला आणि पायरी उतरलो.